पानाबाहेरचं नाव

“तुमीच ना हे?”

असं विचारत ती कॉम्प्युटरचा पडदा दोन्ही हातांनी गिऱ्हाइकाकडे वळवायची. समोरच्या बाकड्यावर लग्नघरची मंडळी दाटीवाटीने बसलेली असत: नवरीचा बाप, काका, मामा, आत्याचा नवरा म्हणजे फुवा, एखादी कमरेत वाकलेली आजी. पत्रिकेतलं त्यातल्या एकाचं नाव ती माऊसने निवडायची, शिफ्ट धरून एफ टू दाबायची, आणि मुंगीएवढं ते नाव पडदाभर व्हायचं. या काठापासून त्या काठापर्यंत एकच नाव. ज्याचं असेल तो माणूस पुढे सरकायचा, कपाळावरचा चष्मा नाकावर घ्यायचा आणि जरा लाजून म्हणायचा, “हाव, मीच.” मग ती पुढच्याकडे वळायची.

तुम्ही कधी पत्रिका छापायला गेला असाल तर तुम्हाला ठाऊकच आहे, बाकीचे डिझाइनवाले असले लाड करत नाहीत. ते एक प्रिंट काढून हातात देतात, खाली सही घेतात, आणि उद्या आडनाव चुकलेलं निघालं की त्या सहीवर बोट ठेवून मोकळे होतात. हिचं तसं नव्हतं. वेळ जायचा, मागे गिऱ्हाइकं खोळंबायची, मालक काउंटरवरून घसा खाकरायचा. हिला त्याचं काही नाही. “आपलं नाव एवढं मोठं कुठं पाहाले भेटते मानसाले? पाहू द्या की,” म्हणायची आणि पुढचं नाव निवडायची.

मलकापूरच्या बसस्टँडजवळ आमचं ते दुकान होतं. लग्नाच्या पत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, दुकानांच्या पाट्या, सगळं तिथे व्हायचं. ती नांदुऱ्याहून रोज पॅसेंजरने अप-डाउन करायची. लहानमोठे सगळे तिला मॅडम म्हणत, मीही तेच म्हणायची. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं, आणि त्यावरून आमचं एकदा वाजलंही आहे. ते येईलच पुढे.

उंच, काटक बाई. केसांचा घट्ट अंबाडा. पर्समध्ये भाजलेल्या शेंगदाण्यांची पुडी कायम. डाव्या हाताने शेंगदाणे तोंडात टाकायचे, उजवा माऊसवर, आणि मधूनच डावा हात कीबोर्डवर जाऊन यायचा. त्या कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली होती आणि फटीफटीत शेंगदाण्याची साल. फक्त एफ फोरच्या बटणावर लाल टिकली चिकटवलेली. बायका कपाळावरची सैल झालेली टिकली आरशाला लावतात, ही कीबोर्डला लावायची. जुनी पडली की कपाळावरची दुसरी.

मला तिच्याकडे आणून सोडलं सुपडाकाकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने. आम्ही भाजीपाला पिकवणारे लोक. काका सकाळी मोटरसायकलला कोबीची पोती बांधून मलकापूरच्या बाजारात यायचे, त्या पोत्यांच्या मधल्या जागेत मी. बारावी झाली होती, कॉम्प्युटरचा क्लास झाला होता, आणि बाबांच्या मते आता माझं शिकणं पुरे झालं होतं. काका मात्र थेट दुकानात शिरले. “मॅडम, पोरगी हुशार हाये, पन घाबरट हाये,” त्यांनी सांगितलं.

तिने मला वरून खाली पाहिलं. “घाबरट चालते. हुशारी जराशी कमी असती तं अजून बरं झालं असतं,” म्हणाली आणि शेजारची खुर्ची सरकवली.

काका खरंच बोलले होते, मी भलतीच घाबरट. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीची गोष्ट. कुणाची तरी पत्रिका मी दुरुस्त करत होते. माऊसचं चाक फिरवलं की चित्र जवळ येतं हे नुकतंच कळलं होतं, म्हणून फिरवत सुटले. एकाएकी पडदा पांढराफट. गणपती नाही, नवरा नाही, नवरी नाही, काही म्हणजे काही नाही.

“मॅडम! सगळं गेलं!”

ती शेंगदाणे चावत उठली, आली, आणि टिकलीवर बोट मारलं. गणपतीसकट सगळं वऱ्हाड जागच्या जागी हजर.

“काई जात नसते, पोरी,” ती म्हणाली. “आपन भलतीकडं पाहून राह्यलो असतो. जिथं पाहाचं हाये तिथं आधी माऊसचा बान ठेव, मंगच चाक फिरव. बान एकीकडं अन् डोये एकीकडं, मंग कसं दिसन?”

हे वाक्य मी नंतर इतक्यांदा ऐकलं की विचारू नका. मालकाची गाडीची चावी हरवली, तरी तेच. घरी जायची पॅसेंजर चुकली म्हणून मी रडकुंडीला आले, तरी तेच. मालकाच्या बायकोने एकदा दुकानात येऊन सोन्याची बाळी हरवल्याचा आकांत मांडला, तिलाही हिने ऐकवलं, “काई जात नसते, वहिनी,” आणि बाळी खरंच वहिनींच्या दुसऱ्या कानात निघाली. म्हणजे दोन्ही एकाच कानात घातल्या होत्या बाईंनी.

आता त्या टिकलीविषयी थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पडद्याच्या मधोमध पत्रिकेचं पान असतं आणि त्याच्या भोवती मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत काहीही ठेवता येतं, ते छापलं जात नाही. एफ फोर दाबलं की पानावरचं आणि पानाबाहेरचं, जे जे काही आहे ते सगळं एकदम पडद्यावर दिसतं. शिफ्ट धरून एफ फोर दाबलं की फक्त पान. मॅडमच्या पानाबाहेर ही गर्दी असायची: नापसंत झालेले दोन-तीन गणपती, जास्तीचे कलश, एक उगीचच मोर, आणि गिऱ्हाइकांनी काढायला लावलेली नावं.

नावं ती कधी पुसायची नाही. ओढून पानाबाहेर ठेवायची, एवढंच. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “पुन्हा टाइप कराले गेलं का चुकते.” कारण पटण्यासारखं होतं. शिवाय काढलेली निम्मी नावं आठवड्याच्या आत परत यायचीच. मामा रुसायचा, आई अन्नपाणी सोडायची, बाप संध्याकाळी दुकानात येऊन इकडेतिकडे पाहत म्हणायचा, “ते नाव पुन्हा टाकता येईन काय, मॅडम?” आणि ती नाव उचलून आत ठेवायची.

पण हा पसारा गिऱ्हाइकाला दिसता कामा नये, यावर तिचा कटाक्ष. “गिऱ्हाइकापुढं शिफ्ट सोडाची नाई. घरातला पसारा पाहुन्यापुढं मांडतेत काय कोनी?” माझी शिफ्ट एकदा सुटली आणि एका बापाला आपल्या जावयाचं काढलेलं नाव मोराच्या पायाशी पडलेलं दिसलं. त्या दिवशी मला जी बोलणी बसली, माय गं! तिची शिफ्ट मात्र मी कधी सुटलेली पाहिली नव्हती.

ती काही गोड बाई नव्हती, हेही सांगते. फ्लेक्सवाल्या पोरांना तर ती उभीच्या उभी सोलायची. एक भावी नगरसेवक आले होते, चेहरा गोरा करून पाहिजे म्हणून. हिने बाण त्यांच्या नाकावर ठेवला आणि चाक फिरवलं. फिरवलं, फिरवलं, शेवटी पडद्यावर नाकावरच्या पुटकुळ्या आणि तपकिरी चौकोन. “सांगा भाऊ, यातलं काय काय गोरं करू?” भाऊ हळूच म्हणाले, “मांगं घ्या ना मॅडम, दुरून बराच दिसतो मी.” आणि गंमत म्हणजे ते नंतर प्रत्येक फ्लेक्ससाठी तिच्याकडेच यायचे.

मी तिथे चार पैसे मिळवायला लागले, हातात सफाई आली, आणि माझं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं. मुलगा शेगावचा. घरात आनंदीआनंद, पण त्या आनंदात एक खडा होता. बाबा आणि सुपडाकाका एकमेकांशी बोलत नव्हते.

भांडण विहिरीवरून. आजोबांची एकच विहीर, दोघांच्या वावराला पाण्याच्या पाळ्या लावलेल्या. एका हिवाळ्यात काकांच्या कोबीला पाणी कमी पडलं म्हणून त्यांनी बाबांच्या पाळीत मोटर चालू ठेवली, आणि इकडे बाबांचं कांद्याचं रोप वाळलं. रोप वाळलं ते वाळलं, पण दोघे बांधावर उभे राहून जे बोलले ते काही वाळायला तयार नव्हतं. दोन्ही घरांच्या मधल्या वाटेत बाबांनी बोरीच्या काट्या आणून टाकल्या. काकू आणि आई त्या काट्यांवरून एकमेकींना भाजीच्या वाट्या द्यायच्या, तेही बाबा घरात नसताना.

पत्रिकेचा मजकूर घेऊन बाबा दुकानात आले. मीच तो टाइप केला होता, आणि घरचा रिवाज म्हणून बाबांच्या नावाखाली काकांचं नाव घातलं होतं. बाबांनी पडद्यावर पाहिलं आणि माझ्याशी न बोलता मॅडमला सांगितलं, “हे दोन नंबरचं नाव नाई पाहिजे.”

“बरं दादा,” ती म्हणाली. नाव निवडलं आणि ओढून नेलं.

तुम्हाला वाटेल, एका नावाचं काय एवढं? पण आमच्याकडे ज्या चुलत्याचं नाव पत्रिकेत नाही, त्याने मांडवात पाय ठेवायचा नसतो. तो येत नाही, त्याची पोरं येत नाहीत, आणि पुढे त्याच्या घरच्या लग्नालाही इकडचं कोणी जात नाही. ज्या माणसाच्या मोटरसायकलवर कोबीच्या पोत्यांत बसून मी इथवर आले, तो माझ्या लग्नात काट्यांच्या पलीकडे बसून बँडबाजा ऐकणार होता. बाबांपुढे बोलायची माझी छाती नव्हती. आईने आधीच बोलून पाहिलं होतं, उपयोग झाला नव्हता. त्या दुपारी मला जेवण जाईना.

“रडून राह्यली काय वं?” बाबा गेल्यावर मॅडमने विचारलं.

“नाही.”

“मंग डोयात काय फ्लेक्सची शाई गेली?”

“तुम्ही सांगा ना बाबांना. तुमचं ऐकतील.”

“मी कायले सांगू? गिऱ्हाईक सांगते ते मी करते, तवा हे दुकान चालते.” तिने शेंगदाण्यांची पुडी माझ्यापुढे सरकवली. “पान्याचं भांडन एका पावसायात मिटते, पोरी. पत्रिकेतलं भांडन पिढ्या पिढ्या पुरते. मी पाह्यले हायेत. तू खा आधी.”

छपाईला द्यायच्या दिवशी बाबा आले, सोबत मामा आणि फुवा. मी शेजारच्या मशीनवर मान खाली घालून बसले. मॅडमने सगळा सोपस्कार केला. मामांचं नाव पडदाभर. “तुमीच ना हे?” “हाव, मीच.” फुवांचं नाव. बाबांचं नाव. बाबांनी स्वतःच्या नावाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, “आता पुरं पान दाखवा एकडाव.”

मॅडमने टिकलीवर बोट ठेवलं. शिफ्ट धरलीच नाही.

पान आक्रसून पडद्याच्या एका कोपऱ्यात गेलं, पोस्टाच्या तिकिटाएवढं. बाकी सगळा पडदा पांढरा. आणि पार दुसऱ्या टोकाला एक बारीक काळी रेघ.

“ते तिकडं काय पडलं हाये?” बाबांनी विचारलं.

“कुठं?”

“ते काय, तिकडं.”

तिने बाण त्या रेघेवर नेला आणि चाक फिरवायला सुरुवात केली. हळूहळू. रेघेची अक्षरं झाली, अक्षरांचं नाव झालं, आणि ‘सुपडा’ हे नाव वडिलांच्या नावासकट, आडनावासकट पडदाभर उभं राहिलं. वडिलांचं नाव दोघांचं एकच, आडनावही एकच. नुकतंच पाहिलेलं बाबांचं नाव आणि हे, पहिला शब्द सोडला तर फरक नाही.

मामा छताकडे पाहायला लागले.

“हे काढाले सांगतलं होतं ना?” बाबा म्हणाले.

“पानावरून काढलं, दादा. पुसलं नाई.”

“काऊन?”

“पुन्हा टाइप कराले गेलं का चुकते.”

तिने चाक उलटं फिरवलं. पुन्हा ते तिकिटाएवढं पान, आणि पलीकडे ती रेघ. बाबा पाहत राहिले. मला वाटलं आता भडकणार, पत्रिका दुसरीकडे करू म्हणून उठणार. ते खाकरले आणि अगदी तक्रारीच्या सुरात म्हणाले,

“मंग एवढ्या दूर काऊन ठेवलं त्याले?”

“जवळ आनू काय?”

“आना थोडं.”

तिने नाव थोडं ओढलं आणि थांबली. बाबांनी मान हलवली. “अजून.” तिने अजून ओढलं. “अजून.” असं करत करत ते नाव पानाच्या कडेशी आलं. तिथे बाबांनी खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसलं. तोंड कसलं, डोळेच पुसले. “घ्या आत,” म्हणाले. मॅडमने ते त्यांच्या नावाखाली नेऊन ठेवलं आणि तेव्हा कुठे शिफ्ट धरून नुसतं पान दाखवलं.

ते गेल्यावर मी तिच्या गळ्यात पडले. तिने मला ढकललं. “अवं, शेंगदाने सांडतीन!”

“मॅडम, तुम्ही मुद्दाम केलं ना?”

“बोट चुकलं,” ती म्हणाली.

चुकलं म्हणे! बाकीचा सगळा पसारा पानाला खेटून आणि काकांचं नाव तेवढं गावाबाहेर, हे मला नंतर सुचलं. विचारलं तर तिने मला पुन्हा तेच ऐकवलं, बान एकीकडं अन् डोये एकीकडं.

त्या संध्याकाळी बाबांनी वाटेतल्या काट्या स्वतः ओढून बाजूला केल्या. बोटात काटा गेला तो आईने काढला. पत्रिका छापून आल्यावर ते हळदकुंकवाची अक्षत घेऊन काकांच्या दारात गेले. आत काय बोलणं झालं मला माहीत नाही. बाहेर आईला एवढंच ऐकू आलं की दोघे पुन्हा विहिरीवरून भांडत होते. “भांडत आहेत म्हणजे बोलत आहेत,” आई म्हणाली आणि देवापुढे साखर ठेवली.

दोन दिवसांनी काका दुकानात हजर, हातात कोबीचे दोन गड्डे. ते टेबलावर ठेवून उभेच.

“सगळ्यायले त्यायचं त्यायचं नाव मोठं करून दाखवलं म्हने तुमी,” ते मॅडमला म्हणाले. “माही पाळी राहून गेली.”

तिने पडदा वळवला, नाव निवडलं. “तुमीच ना हे?”

काका पुढे सरकले, पडद्याजवळ वाकले. नुसती मान हलवली. त्या बाईने मला काय दिलं ते मला त्या क्षणी लख्ख कळलं. आजही कळतं.

म्हणून मीही एक उद्योग केला. ती जेवायला उठली तेव्हा फाइलची एक प्रत काढली आणि तिच्यात, मावश्यांच्या ओळीत, शेवटी तिचं नाव टाइप केलं. उशिरा येणाऱ्या पाहुण्यांसाठी थोड्या पत्रिका अजून छापायच्या होत्या. तिने परत येऊन पाहिलं आणि असा आवाज चढवला की मालक आतून आला.

“हे कोन?”

“तुम्ही.”

“दुकानवालीचं नाव पत्रिकेत नसते, बाई. काढ!”

“नाही काढत.”

“मंग मी काढतो.” पुरुषासारखं ‘काढतो’ म्हणायची ती, रागात असली की. मी रुसून खुर्ची फिरवली. वळून पाहिलं तर मावश्यांची ओळ पूर्वीसारखी. लग्नाला मात्र ती आली, जेवली, आणि मंडपावरच्या फ्लेक्समध्ये माझा डावा कान कापला गेला आहे हेही सांगून गेली.

आता माझं स्वतःचं दुकान आहे, शेगावला, स्टेशनच्या रस्त्यावर. माझ्या एफ फोरवरही टिकली आहे. मलकापूरचं दुकान बंद झालं, पत्रिका लोक मोबाइलवरच करायला लागले. मॅडम घरी बसली, तरी फोन करून विचारायची, “नावं दाखवते ना वं सगळ्यायले?” मग फोन यायचे थांबले. तिच्या गल्लीतली एक बाई दर्शनाला आली होती, तिच्याकडून मॅडम गेल्याचं कळलं. तेरवीसुद्धा होऊन गेली होती.

परवा बाबा आणि सुपडाकाका दोघे माझ्याकडे आले, काकांच्या मुलाची पत्रिका करायला. बाकड्यावर शेजारी बसून मोटरच्या पाळीवरून कुरकुर चालूच. काकूंचा निरोप होता, पत्रिका ताईच्या पत्रिकेसारखीच पाहिजे. मी जुन्या पेनड्राइव्हवरून माझ्या लग्नाची शेवटची फाइल उघडली आणि सवयीने टिकलीवर बोट मारलं.

पान आक्रसून तिकिटाएवढं झालं. पार पलीकडे तिळाएवढा एक ठिपका.

मी त्यावर बाण ठेवला, चाक फिरवलं. तीळ वाढत गेला. पहिलं अक्षर ओळखू आलं, तरी मी चाक फिरवतच राहिले. तिचं नाव. मी टाइप केलेलं, जसंच्या तसं. पुसलं नव्हतंच बाईने.

काकांनी ते मोठ्याने वाचलं. “ह्या तं मॅडम ना?” मी चाक उलटं फिरवून दाखवलं, पान कुठे आणि नाव कुठे. काका पुढे वाकले.

“एवढ्या दूर काऊन ठेवलं त्यायले?”

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. काका त्या दिवशी दुकानात नव्हते, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

“आन जवळ,” बाबा म्हणाले. मी ओढलं. “अजून.”

नव्या पत्रिकेत अगदी वर, जिथे आजीआजोबांच्या नावांआधी ‘कै.’ लिहून त्यांचे आशीर्वाद मागतात, तिथे मी ते नेऊन ठेवलं. कोणी हरकत घेतली नाही. मग नाव निवडलं, शिफ्ट धरून एफ टू दाबलं, आणि पडदा दोन्ही हातांनी बाकड्याकडे वळवला. ‘तुमीच ना हे?’ तोंडाशी आलं होतं, पण विचारायचं कुणाला?

“हाव,” काका म्हणाले, “मॅडमच.”